परस्पर मदत, की परस्पर केलेली मदत?

खर्डेनवीस

एका मासिकासाठी लेख लिहितोय. आफ्रिकी देशांतल्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा एकमेकींना मदत कशी करतात, हा विषय. माहिती जमली आहे, शब्दांपाशी गाडी अडली आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. ११ जुलै २००३ रोजी मोझांबिकमधल्या मापुटोत आफ्रिकी महासंघाने भ्रष्टाचाराविरुद्धचा करार मंजूर केला आणि ५ ऑगस्ट २००६ पासून तो लागू झाला. त्याचं १८वं कलम देशांनी तपासात एकमेकांना साहाय्य करण्याबद्दल आहे. दक्षिणेकडच्या देशांनी त्याच्याही दोन वर्षं आधी, २००१ मध्ये मलावीतल्या ब्लँटायरला आपला वेगळा करार केला होता. पूर्वेकडच्या यंत्रणांची २००७ पासून संघटना आहे, तिचं सचिवालय युगांडातल्या कंपालात. पैसा सीमा ओलांडून जातो आणि तपास अधिकारी सीमेवर थांबतो, एवढं साधं कारण आहे या सगळ्यामागे.

पहिल्या खर्ड्यात मी ‘प्रादेशिक सहकार’ लिहिलं. बायकोने वाचलं आणि विचारलं, “साखर कारखान्यांवर लिहितोयस का?”

तर प्रश्न असे: ‘प्रादेशिक’ला काय म्हणू? ‘ॲसेट रिकव्हरी’ला ‘मालमत्ता वसुली’ चालेल का? आणि ‘परस्पर कायदेविषयक साहाय्य’ कानाला कसं वाटतं?

निगडीवाला

वहिनींचं बरोबर आहे. ‘सहकार’ म्हटलं की आपल्याकडे सहकार खातं, सहकारमहर्षी आणि पतपेढी. तुम्हाला ‘सहकार्य’ हवंय. एका ‘य’ने केवढा फरक पडतो बघा.

‘प्रादेशिक’ मात्र ठेवा. सार्कच्या मराठी नावात ‘प्रादेशिक सहकार्य’ कधीच रुळलंय. नुसतं सुटं ‘प्रादेशिक’ आलं की मलाही आधी लायसन्सची रांग आठवते, किंवा प्रादेशिक पक्ष. ‘विभागीय’ म्हणालात तर विभागीय आयुक्त उभे राहतील, ‘उपखंडीय’ म्हणालात तर वाचक थेट भारतीय उपखंडात. पहिल्यांदा ‘पूर्व आफ्रिकेतल्या शेजारी देशांचं सहकार्य’ असं उलगडून लिहा, पुढे ‘प्रादेशिक’ खपून जाईल.

‘ऑथॉरिटी’साठी ‘प्राधिकरण’ नको, एवढी माझी खासगी विनंती. मी प्राधिकरणात राहतो. आमच्याकडे तो पत्ता आहे.

दारेसलामहून

इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, म्हणून थोडी भर घालतो.

टांझानियाच्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेचं स्वाहिली नाव सगळे ‘ताकुकुरू’ असंच घेतात. ‘तासिसी या कुझुइया ना कुपाम्बाना ना रुश्वा’ याची आद्याक्षरं जोडून झालेला शब्द आहे तो. कुझुइया म्हणजे रोखणं, कुपाम्बाना म्हणजे लढणं. २००७ च्या कायद्याआधी यंत्रणेच्या नावात फक्त रोखणं होतं, तेव्हा ती ‘ताकुरू’ होती. नव्या कायद्याने लढणंही आलं आणि नावात एक ‘कु’ वाढला. कायद्यातला बदल असा उच्चारात ऐकू येणं मला फार आवडतं.

आता आपल्या ‘लाचलुचपत प्रतिबंधक विभागा’कडे बघा. नावात फक्त पहिला ‘कु’ आहे. प्रत्यक्षात सापळे लावून पकडण्याचंही काम तो करतो, पण नाव अजून ‘ताकुरू’च. महासंघाच्या कराराच्या शीर्षकातही ‘रोखणं’ आणि ‘मुकाबला’ अशी दोन्ही क्रियापदं आहेत. खर्डेनवीस, सगळ्याला सरसकट ‘प्रतिबंधक’ लावू नका, एक क्रियापद गळेल.

आता ‘रुश्वा’. हा अरबी शब्द, आणि हिंदी-उर्दूतला ‘रिश्वत’ त्याचाच भाऊ. जुन्या मराठीत ‘रुशवत’ होता, कोशात अजून आहे. म्हणजे एकच शब्द अरबी समुद्राच्या दोन्ही काठांना लागला. तिकडे तो सरकारी पाटीवर चढला, आपल्याकडे तो कोशात झोपला आणि ‘लाच’ टिकली.

दुसरा शब्द ‘उफिसादी’. केनियाच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या स्वाहिली नावात हाच आहे. मूळ अरबी ‘फसाद’, म्हणजे नासणं, बिघडणं. मराठीत तो ‘दंगाफसाद’ होऊन आला, त्यामुळे केनियाच्या आयोगाचं नाव ऐकून माझ्या आईला वाटलं, दंगल आवरणारं पोलिसखातं असेल. ढोबळमानाने रुश्वा म्हणजे हातात पडणारी लाच आणि उफिसादी म्हणजे मोठा, मुरलेला भ्रष्टाचार. टांझानियाच्या यंत्रणेच्या नावात मात्र रुश्वा हा एकच शब्द सगळ्याचा भार उचलतो.

सगळ्यात गंमत क्रियापदाची. स्वाहिलीतही लाच खातात! ‘कुला रुश्वा’, कुला म्हणजे खाणं. खाणारा एक असेल तर ‘म्ला रुश्वा’, अनेक असतील तर ‘वाला रुश्वा’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते ‘दूधवाला’सारखं वाटलं होतं. आपल्या ‘लाचखोर’मधला फारसी ‘खोर’ म्हणजेही खाणाराच.

आणि मागताना ‘चाय’ म्हणतात. हो, चहाच. केनियात ‘कितू किदोगो’, म्हणजे छोटीशी वस्तू. आपलं चहापाणी आणि चिरीमिरी. तिकडे अंगोलात, जिथे पोर्तुगीज चालते, तिथे ‘गासोझा’ मागतात, म्हणजे सोडा-लेमन. हवामानाप्रमाणे पेय बदलतं.

लंचटाइम

लाच आणि लंच यांचा काही संबंध? विषय खाण्याचा निघालाच आहे म्हणून विचारतो.

निगडीवाला

नाही. संस्कृतात ‘लंचा’ आहे, आपल्याकडेही पूर्वी ‘लांच’ असा अनुस्वार देत. कन्नडमध्ये ‘लंच’, तेलुगूत ‘लंचम्’. ‘लुचपत’चं कोडं मात्र मला सुटलेलं नाही. तो एकटा कुठे भेटतच नाही, कायम लाचेच्या खांद्यावर हात टाकून येतो.

वकीलताई

आता कामाचं बोलू या.

‘वसुली’ नको. कराची वसुली होते, कर्जाची होते, हप्त्याचीही होते. मराठी वाचकाला ‘मालमत्ता वसुली यंत्रणा’ म्हटलं तर बँकेची दांडगी माणसं दारात आल्यासारखं वाटेल. शिवाय वसुली म्हणजे येणं असलेले पैसे घेणं. इथे गोष्ट चोरीला गेलेल्या पैशांची आहे. लष्करी हुकूमशहा अबाचाच्या काळात नायजेरियातून बाहेर गेलेल्या पैशांपैकी सुमारे ३२ कोटी १० लाख डॉलर परत देण्याचा करार स्वित्झर्लंडने २०१७ मध्ये केला, खर्चावर जागतिक बँकेची देखरेख ठेवून. याला कुणी वसुली म्हणेल का? ‘लुटलेली मालमत्ता परत मिळवणं’ म्हणा. लांब आहे, पण चूक नाही.

त्याच्या आधीच्या पायऱ्यांना आपल्याकडे चांगले शब्द आहेत. खातं गोठवणं, मालमत्ता जप्त करणं, आणि शेवटी ती सरकारजमा होणं. राजभाषेच्या परिभाषेत ‘समपहरण’ आहे, पण तो शब्द मी युक्तिवादातसुद्धा घसा साफ करून म्हणते. ‘सरकारजमा’ खेड्यातल्या पक्षकारालाही कळतो. फक्त आंतरराष्ट्रीय प्रकरणात कुठल्या सरकारला जमा, ते लिहायला विसरू नका. भांडण नेमकं तिथेच असतं.

महासंघाच्या कराराच्या आठव्या कलमात अधिकाऱ्याची संपत्ती त्याच्या कायदेशीर उत्पन्नाशी जुळत नसल्याचा गुन्हा आहे. त्यासाठी नवा शब्द पाडू नका, आपल्या विभागाच्या रोजच्या वापरात ‘अपसंपदा’ आहे. सुटसुटीत आहे आणि वर्तमानपत्रांतही येतो. आणि पद वापरून दुसऱ्याकडून काम करवून देण्याचे पैसे घेणं, त्याला मी सरळ ‘वशिला विकणं’ म्हणेन.

शुद्धमती

‘परस्पर कायदेविषयक साहाय्य’ऐवजी ‘अन्योन्य विधिसाहाय्य’ सुचवते. नेमकं आणि आटोपशीर.

वकीलताई

शुद्धमतीताई, आटोपशीर आहे खरं. पण वाचणाऱ्याला ते लग्नातलं मंगलाष्टक वाटेल.

खर्डेनवीस

सगळ्यांचे आभार. ‘अपसंपदा’ आणि ‘सरकारजमा’ घेतले. पण ‘परस्पर’ची शंका कुणी फेडली नाही. मला तो शब्द खटकतो, कारण मराठीत त्याचा दुसरा अर्थ जास्त जिवंत आहे. “भावाने जमीन परस्पर विकली.” म्हणजे न विचारता, मधल्याला वगळून. ‘दोन देशांनी परस्पर मदत केली’ हे वाक्य वाचून वाटतं, काहीतरी गैर झालं.

वकीलताई

अहो, पण काही वेळा नेमकं तसंच होतं, आणि ते गैर नसतं!

रीतसर मार्ग असा: तपास यंत्रणा विनंतीपत्र तयार करते, ते आपल्या देशाच्या नेमलेल्या कार्यालयाकडे जातं, तिथून समोरच्या देशाच्या तशाच कार्यालयाकडे, तिथून खाली त्यांच्या यंत्रणेकडे. उत्तर त्याच जिन्याने उलटं येतं. तोवर पैसे तिसऱ्या देशात. म्हणून तर यंत्रणांची जाळी उभी राहिली. दक्षिणेकडे २००९ पासून आहे, ‘अरिन्सा’ म्हणतात तिला. प्रत्येक देशातले तपास आणि सरकारी वकिली करणारे ठरावीक लोक तिच्यात संपर्कासाठी नेमलेले असतात. ते एकमेकांना आधीच विचारून घेतात, की अशा नावाची मालमत्ता तुमच्याकडे आहे का, आणि विनंतीपत्रात काय असलं म्हणजे तुमचं कोर्ट ते फेटाळणार नाही. कोर्टात टिकणारा पुरावा मात्र रीतसर मार्गानेच यावा लागतो.

म्हणजे माहिती परस्पर, पुरावा रीतसर. तुमच्या शब्दाचे दोन्ही अर्थ कामाला आले की.

दारेसलामहून

वा, ताई! स्वाहिलीत हे जमणार नाही. इथे एकमेकांसाठीचं क्रियापद वेगळंच होतं. ‘कुसाइदिया’ म्हणजे मदत करणं, ‘कुसाइदियाना’ म्हणजे एकमेकांना मदत करणं. एक ‘ना’ जोडला की झालं, संशयाला जागा नाही.

खर्डेनवीस

मग आता असं केलंय: कलमाबद्दल बोलताना ‘तपासात एकमेकांना कायदेशीर साहाय्य’, आणि जाळ्याबद्दल बोलताना ‘अधिकारी परस्पर चौकशी करतात, विनंतीपत्र मागाहून जातं’. दुसऱ्या वाक्यातला ‘परस्पर’ मुद्दाम ठेवलाय.

निगडीवाला

‘मागाहून’ काढा, ‘नंतर’ लिहा. नाहीतर संपादक विचारेल, कुणाच्या मागून?