लोण्याऐवजी तेल, पण किती?

बिस्किटांत लोण्याऐवजी तेवढंच तेल घाला, खर्च वाचतो, असं सुचवलं जातं. खर्च वाचतो हे बरोबर, पण ‘तेवढंच तेल’ घेतलं तर बिस्किटं तेलकट होऊन पसरतात. लोण्यात स्निग्धांश साधारण ८० टक्केच, उरलेलं बहुतेक पाणी. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि चमचाभर पाणी. २०० ग्रॅम मैद्याला एवढं पुरतं, साखर १०० ग्रॅम, तीही दळलेली. जाड दाणे भट्टीत विरघळले की पीठ जास्त पसरतं. अंडं नकोच.

पाणी घातल्यावर मळू नका (चपातीची सवय इथे नडते!), फक्त गोळा करा, नाहीतर बिस्किटं कडक होतात. १७० अंशांवर १२-१५ मिनिटं. कडा तांबूस झाल्या की बाहेर. मधे मऊ लागली तरी गार होताना खुसखुशीत होतात.