एकट्या अणूला ‘समस्थानिक’ म्हणावे का? ‘न्यूक्लाइड’ या शब्दाविषयी

केंद्रवेध (मूळ लेख):

अणुविज्ञानावर मराठीत लिहिताना ‘समस्थानिक’ (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनसंख्या वेगळी असलेले अणू) हा शब्द आपण सरसकट वापरतो. ‘कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी समस्थानिक आहे’ हे वाक्य सहसा कोणाला खटकत नाही. मला ते खटकते, कारण ‘समस्थानिक’ हा ‘समवयस्क’ किंवा ‘सहाध्यायी’ यांच्यासारखा नाते सांगणारा शब्द आहे. ‘दारात एक समवयस्क उभा आहे’ असे कोणी सांगितले, तर ‘कोणाचा?’ असेच आपण आधी विचारू.

हा शब्द ज्या गरजेतून आला ती गरजही नात्याचीच होती. थोरियम आणि त्या काळी ‘आयोनियम’, ‘रेडिओथोरियम’ अशा वेगळ्या नावांनी ओळखले जाणारे पदार्थ किरणोत्साराच्या दृष्टीने भिन्न होते, पण एकदा मिसळले की कोणत्याही रासायनिक प्रक्रियेने ते वेगळे करता येत नसत. हे सारे आवर्तसारणीत एकाच स्थानी बसतात, हे सांगण्यासाठी फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये ‘आयसोटोप’, म्हणजेच आपला ‘समस्थानिक’, हा शब्द वापरला. तो त्यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर असलेल्या लेखिकेने सुचवला होता. न्यूट्रॉनचा शोध लागला १९३२ मध्ये. म्हणजे हा शब्द घडला तेव्हा केंद्रकात काय असते हे ठाऊकच नव्हते.

पुढे १९४७ मध्ये ट्रूमन कोहमन यांनी ‘न्यूक्लाइड’ हा शब्द सुचवला. प्रोटॉन किती, न्यूट्रॉन किती आणि केंद्रक कोणत्या ऊर्जास्थितीत आहे, यांवरून ठरणारा अणूचा प्रकार म्हणजे न्यूक्लाइड. मात्र तो मोजता येण्याइतका काळ टिकला पाहिजे. येथे शेजारी कोण आहे हे विचारावे लागत नाही. पोटॅशियम-४० चेच पाहा. त्याच्या सुमारे ८९ टक्के अणूंचे कॅल्शियम-४० होते आणि उरलेल्या सुमारे ११ टक्क्यांचे आर्गॉन-४०. हे तिघे परस्परांचे समस्थानिक नाहीत, कारण तिघांचे अणुअंक (प्रोटॉनसंख्या) वेगळे आहेत. तरीही ‘या क्षयात तीन समस्थानिके गुंतलेली आहेत’ असे आपण लिहून जातो. ‘तीन न्यूक्लाइड’ असे लिहिले तर वाक्य बिनचूक होते.

रसायनाभ्यासक:

आपला समवयस्काचा दाखला आकर्षक आहे, पण मला तो पटत नाही. जवळपास प्रत्येक मूलद्रव्याचे एकाहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. सोडियम निसर्गात बहुतांशी सोडियम-२३ या एकाच स्थिर रूपात आढळते, तरी सुमारे २.६ वर्षे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) असलेले सोडियम-२२ आहेच. मग एकट्या अणूलाही समस्थानिक म्हटले तर ते नाते पोकळ कसे? ‘हा धाकटा भाऊ’ असे म्हणताना थोरल्याला समोर उभे करावे लागत नाही.

दुसरे असे, की वाचकाला पुष्कळदा त्या स्थानाशीच कर्तव्य असते. आयोडीन-१३१ थायरॉइड ग्रंथीत साठते ते आयोडीन असल्यामुळे. तेथे त्याचे ७८ न्यूट्रॉन काही करीत नाहीत. ते तेथे पोचल्यावर आठ दिवसांच्या अर्धायुष्याने क्षय पावते, हा भाग नंतरचा. ‘समस्थानिक’ या शब्दात मूलद्रव्याची ही ओळख शाबूत राहते आणि सम व स्थान ही दोन्ही पदे मराठी वाचकाला न सांगता कळतात. ‘न्यूक्लाइड’ त्याला काहीच सांगत नाही.

केंद्रवेध:

जवळपास प्रत्येक न्यूक्लाइडला कोणी ना कोणी समस्थानिक असतोच, हा आपला मुद्दा मी मान्य करतो. माझा दाखला तेवढ्यापुरता लंगडा पडला. परंतु टेक्नेशियम-९९ आणि टेक्नेशियम-९९एम यांचे काय करायचे? दोघांत ४३ प्रोटॉन, दोघांत ५६ न्यूट्रॉन. पहिल्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे. दुसरे केंद्रक उत्तेजित स्थितीत असते, सुमारे सहा तासांत निम्मे उरते आणि १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण देते. त्या किरणांच्या आधारे हाडांची व हृदयाची चित्रे घेतात. समस्थानिकांच्या मोजणीत हे दोन्ही एकच ठरतात, पण रुग्णाला यांपैकी काय टोचले आहे याबाबत कोणताही डॉक्टर गाफील राहू शकत नाही. न्यूक्लाइडच्या व्याख्येत ऊर्जास्थिती आहे ती यासाठीच.

शब्दनिष्ठ:

संकल्पना आवश्यक आहे हे मला पटले. परंतु शब्द परका का ठेवावा? ‘केंद्रक-प्रकार’ म्हणावे, अर्थ तत्काळ कळतो आणि विभक्ती प्रत्यय लावतानाही अडत नाही.

केंद्रवेध:

मीही बराच काळ हाच शब्द मनात धरून होतो. अडचण अशी, की न्यूक्लाइड म्हणजे नुसते केंद्रक नव्हे. तो संपूर्ण अणूचा प्रकार आहे, ओळखायचा मात्र केंद्रकावरून. हा केवळ शब्दच्छल नाही. बेरिलियम-७ चे अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस, असे तक्त्यात दिलेले असते. त्याचे केंद्रक आपल्याच अणूतील एक इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि लिथियम-७ बनते. सर्व इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर ओढायला काही उरतच नाही आणि ते उघडे केंद्रक टिकून राहते. डिस्प्रोसियम-१६३ चे याच्या अगदी उलट आहे: अणू म्हणून ते स्थिर, पण सगळे इलेक्ट्रॉन उतरवले की सुमारे ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे होल्मियम-१६३ होते. तक्त्यातले आकडे अणूचे असताना वरचे नाव केंद्रकाचे, असे नको.

रसायनाभ्यासक:

या उदाहरणांनी आपण माझी बाजू बळकट केली आहे. इलेक्ट्रॉनांवाचून अर्धायुष्यही सांगता येत नसेल, तर रसायनाशी जोडलेला शब्द टाकून देण्याची घाई कशासाठी? शिवाय शब्द ताणले जातात आणि टिकतात. १९३१ मध्ये हॅरल्ड युरी यांनी ड्यूटेरियम शोधले. विद्युत अपघटनाने ते साध्या हायड्रोजनपासून वेगळे करता येते, म्हणून त्याला आयसोटोप म्हणायला स्वतः सॉडी यांचाच विरोध होता. त्यांचा विरोध कोणी जुमानला नाही. शब्द ड्यूटेरियमला सामावून पुढे गेला. आणखी थोडा ताणला म्हणून तो तुटेल असे मला वाटत नाही.

केंद्रवेध:

ड्यूटेरियमला सामावताना ‘स्थान’ तेच राहिले होते, कारण अणुअंक तोच होता. पोटॅशियम, कॅल्शियम आणि आर्गॉन यांना एकाच शब्दाखाली आणताना स्थानच सुटते. न्यूट्रॉनसंख्या आडवी आणि प्रोटॉनसंख्या उभी घेतलेला तक्ता समोर ठेवा. एका आडव्या ओळीतील घरे परस्परांची समस्थानिके, एका उभ्या रांगेत न्यूट्रॉनसंख्या समान, तिरक्या रेषेवर वस्तुमानांक (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) समान. अशा संपूर्ण तक्त्याला ‘समस्थानिकांचा तक्ता’ म्हणणे म्हणजे आडव्या ओळीचे नाव सगळ्या घरांना देणे होय. मी ‘समस्थानिक’ हा शब्द हद्दपार करा असे म्हणत नाही. युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ यांची तुलना चालली असेल, तर त्याहून नेमका शब्द नाही. एकट्या अणूविषयी लिहिताना पुष्कळदा कोणतेच जातिवाचक नाम लागत नाही. ‘आयोडीन-१३१’ एवढे पुरे असते.

रसायनाभ्यासक:

तक्त्याच्या नावापुरते मी मान्य करतो. वैद्यकीय लेखनात मात्र मी ‘समस्थानिक’च लिहीत राहीन, कारण तेथे मूलद्रव्य आधी येते. जाता जाता एक नोंद. आपण ऊर्जास्थितीचा मुद्दा काढल्यावर मी टँटलमची माहिती पुन्हा पाहिली. नैसर्गिक टँटलमच्या समस्थानिकांच्या यादीत टँटलम-१८० सुमारे ०.०१२ टक्के असे दिलेले असते आणि आजवर मी ते तसेच शिकवत आलो. वस्तुतः निसर्गात सापडते ते उत्तेजित रूप, ज्याचा क्षय अजून कोणाला दिसलेला नाही. मूळ स्थितीतील टँटलम-१८० सुमारे आठ तासांत निम्मे होते. त्या ओळीत कोणता शब्द लिहावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.