मदत हवी आहे : बाराचाकी ट्रकच्या केबिनमध्ये पंखा, चार्जिंग, एसी; आणि पीथमपूर-भिवंडी रस्त्यावर रात्रीचा थांबा

देवासनाका_बाराचाकी

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची, बीएस६ (धुराच्या नियमातली), बाराचाकी. इंदूरजवळच्या पीथमपूरहून माल, भिवंडीला खाली, येताना जे मिळेल ते. एक ड्रायव्हर, एक क्लीनर.

बॅटऱ्या १५० एएचच्या (अँपियर-तास) दोन. दीड वर्षात हा दुसरा जोड, आणि याचीही तीच तऱ्हा : एका बॅटरीचं पाणी सारखं उतरतं, दुसरीचं जसंच्या तसं. गाण्यांचा टेप, दोन मोबाइल चार्जर आणि १२ व्होल्टचा पंखा इलेक्ट्रिशियनने थेट बॅटरीवरून जोडलाय. बॅटरीवाला म्हणतो अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो बॅटरी कमअस्सल. खरं कोणाचं?

उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपणं अशक्य होतं म्हणून छतावर बसणारा बॅटरीवरचा एसी बघतोय. सध्याच्या बॅटऱ्यांवर रात्र निघेल का? शिवाय इलेक्ट्रिशियन बॅटरी पूर्ण तोडणारा कट-ऑफ स्विच सुचवतोय, ड्रायव्हरला प्रेशर हॉर्न आणि पुढे एलईडी पट्टी हवी आहे. आणि रात्री गाडी कुठे लावावी, हेही सांगा. आत्ता जिथे झोप येते तिथे लावतात, ते मला पटत नाही.

चोवीस_व्होल्ट

दोघांचंही चूक. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. तुमचा टेप आणि पंखा त्यातल्या एकाच बॅटरीवर बसलाय, बहुतेक अर्थवाल्या (जिचा मायनस चॅसिसला जोडलेला असतो). रात्रभर ३ अँपियर ओढले तर आठ तासांत २४ एएच त्या एकटीतून गेले, वरची, म्हणजे दुसरी, भरलेलीच राहिली. सकाळी अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो. कोण रिकामी, कोण भरलेली हे त्याला कळत नाही. भरलेलीच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं आणि ती उकळते. रिकामीला कमी पडतं आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं.

म्हणून जिचं पाणी उतरतं तिला दोष देऊ नका. मरतेय ती शेजारची, जिचं पाणी शाबूत दिसतं ती.

खात्री करायची असेल तर गाडी रात्रभर सगळं बंद करून उभी ठेवा आणि सकाळी मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर रोग हाच. मग इंजिन चालू करून दोन्हींची बेरीज बघा. २७.५ ते २८.८ च्या आत असेल तर अल्टरनेटरला हात लावू नका.

उपाय : १२ व्होल्टचं सगळं काढा आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घाला. तुमच्या वापराला १० अँपियरचा पुरतो, पण २० चा घ्या, छोटे कन्व्हर्टर उन्हात तापून बंद पडतात. २० अँपियर आउटपुटला २४ च्या बाजूने साधारण ११ अँपियर लागतात, म्हणून १५ चा फ्यूज, ४ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. केबिनमध्ये लावलेला फ्यूज केबिनपर्यंतची वायर वाचवत नाही, आणि चॅसिसवर घासून शॉर्ट नेमकी तीच होते. पंखा २४ व्होल्टचाच घ्या, कन्व्हर्टरवर भार कशाला.

वायर ओढताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे केबिन पुढे उलटते. बिजागरीजवळ वायरला हातभर ढील द्या, कोरुगेटेड पाइप चढवा, आणि टाय आवळायच्या आधी केबिन एकदा पूर्ण उचलून बघा. नाहीतर पहिल्या सर्व्हिसिंगला वायर तुटते. बीएस६ मध्ये इसीयूच्या (इंजिनचा संगणक) किंवा ओबीडीच्या (दोष तपासायचा सॉकेट) वायरी सोलून जोड काढू देऊ नका. एरर कोड येतो, वॉरंटीचा वाद होतो.

मऊ_गादी

एसीचा हिशोब कागदावर करून बघा. छतावरचे २४ व्होल्टचे एसी चालताना साधारण २५ ते ३५ अँपियर घेतात. १५० एएचच्या जोडातून सकाळी इंजिन मारायचं असेल तर अर्ध्याखाली जायचं नाही, म्हणजे हातात ७५ एएच. ३० ने भागा : अडीच तास. रात्र निघत नाही. एसीसोबत लो-व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी उतरली की एसी बंद करणारा) येतो, तो २३ च्या खाली सेट करून वेळ वाढवू नका, सकाळी धक्का मारायला बारा टन कोण ढकलणार.

पूर्ण रात्र हवी तर २४ व्होल्टचा वेगळा लिथियम पॅक, किमान २०० एएच. तो जुन्या बॅटऱ्यांना सरळ जोडायचा नाही. रिकामा लिथियम पॅक मिळेल तेवढा करंट ओढतो आणि अल्टरनेटर जळतो. मधे करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. एसीला १६ स्क्वेअरची वायर घाला. येणं-जाणं धरून १० मीटरला ३० अँपियरवर जेमतेम ०.३ व्होल्ट पडतात. ६ स्क्वेअर घातली तर ०.९ पडतात आणि एसी ‘लो व्होल्टेज’ म्हणून बंद होतो. मग लोक एसीच्या नावाने बोंबलतात.

खर्च परवडत नसेल तर कूलर. मे महिन्यात इंदूर ते धुळे हवा कोरडी असते, २४ व्होल्टचा छोटा कूलर मस्त काम करतो. कसारा उतरलात की दमट हवा, तिथे कूलर फक्त अंग चिकट करतो. भिवंडीला पंखाच बरा.

इंजिन चालू ठेवून एसीत झोपू देऊ नका. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, धूर केबिनमध्ये शिरण्याचा धोका वेगळा, आणि बीएस६ मध्ये जास्त वेळ आयडलवर ठेवलं की डीपीएफ, म्हणजे धुराची गाळणी, काजळीने भरतो. तसंही १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन२, एन३ गटातल्या (मध्यम आणि जड) ट्रकना कंपनीकडूनच एसी केबिन सक्तीची झाली आहे. गाडी बदलायचा विचार असेल तर छत कापण्यावर पैसे घालू नका.

युरिया_टाकी

कट-ऑफ स्विच चांगला, पण ड्रायव्हरला शिकवून लावा. चावी बंद केल्यावर धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप लाइनीतला युरिया परत टाकीत ओढतो. दोन मिनिटं थांबून मग स्विच फिरवायचा. लगेच फिरवला तर युरिया इंजेक्टरमध्येच सुकतो, पांढरे खडे धरतात, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागून गाडीची ताकद कमी होते. स्विचखाली रंगाने ‘२ मिनिट’ लिहून ठेवा.

सेंधव्याची_पाटी

थांब्याचं बोलू. या रस्त्याला दोन घाट आधी येतात. मानपूर सोडल्यावर गणेश घाट, माळवा संपून निमाडात उतरतो तो. मग खलघाटला नर्मदा, जुलवानिया, सेंधवा, आणि बिजासन घाट ओलांडून महाराष्ट्रात पळासनेरकडे दुसरा उतार.

पीथमपूरहून संध्याकाळी सात-आठला निघा. गणेश घाट ड्रायव्हर ताजा असताना होतो. जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग आवरणारा) लावून. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं हा जीव घालवायचा स्वस्त मार्ग : इंजिनचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर (घासणाऱ्या पट्ट्या) येतो, लायनर तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. साडेअकरा-बाराला सेंधवा. तिथेच झोपा. बिजासन पहाटे पाचनंतर, थंड ब्रेकने. रात्री दोन ते पाच गाडी चालवायचीच नाही.

उताराच्या पायथ्याशी, पुढच्या अर्ध्या-एक किलोमीटरात, ढाब्यावरही थांबू नका. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला होता, माणसं तिथे जेवायला, बसची वाट बघायला थांबलेली.

दुसरा थांबा धुळ्याच्या पुढे, मालेगावच्या आसपास. पाच तास चालवलं की अर्धा तास खाली उतरून विसावा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही हाच हिशोब होता. मुक्काम करायचाच झाला तर नाशिकच्या अलीकडे, कसारा उजेडात.

ढाबा कसा ओळखायचा? अंगण पक्कं आणि सपाट, रात्री दिवा, आत-बाहेर जायला वेगळी वाट. डिझेल टाकीची बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून, माणूस शिरणार नाही इतकी. चाकांना गुटके. रस्त्याकडेच्या शोल्डरवर कधीच नाही, बंद पडलात तरी मागे त्रिकोण ठेवून डावीकडे जमेल तेवढं आत. आणि मागची लाल, बाजूची पिवळी, पुढची पांढरी रिफ्लेक्टर पट्टी दर फेरीला ओल्या फडक्याने पुसायला सांगा. चिखलाखाली ती असून नसल्यासारखी.

रिकामी_फेरी

प्रेशर हॉर्न नको. अनेक सुरांचे कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ खाली चालत नाहीत, चलन होतं. त्याहून वाईट जोडणी असते. मिस्त्री जवळची हवेची टाकी बघून टी-जोड मारतो, आणि ती ब्रेकची निघते. केबिन झाडायच्या हवेच्या गनला लाइन हवीच असेल तर चार सर्किटच्या व्हॉल्व्हचं (ब्रेकची आणि इतर हवा वेगळी ठेवणारा) २४ नंबरचं तोंड वापरायला सांगा. २१ आणि २२ ब्रेकचे, तिकडे फिरकायचं नाही. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बघा, शिवाय हवा भरून इंजिन बंद करा आणि गेजचा काटा दहा मिनिटं पाहा. पडत असेल तर परत उघडा. एलईडी पट्टीही राहू द्या. समोरच्याच्या डोळ्यात जाते, दंड तुमच्याच गाडीला. पैसे हेडलाइटच्या काचा बदलण्यात घाला, पिवळ्या पडल्या असतील तर फरक त्यानेच पडेल.

देवासनाका_बाराचाकी

मोजलं. रात्रभर उभी ठेवून अर्थवाली १२.१६, वरची १२.७२. इंजिन चालू असताना १३.३ आणि १४.९, बेरीज २८.२. टेप खरंच अर्थवालीवर आहे आणि पाणी वरचीचं उतरतं. आता दोन्ही बदलायच्या की एक?

चोवीस_व्होल्ट

अजून बदलू नका. दोन्हींमधली जोडपट्टी काढा. अर्थवालीला १२ व्होल्टच्या चार्जरवर १५ अँपियरने दहा-बारा तास लावा. चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड पाणी, आधी नाही. मग हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणारा) सहाही सेल बघा. सगळे १.२४० च्या वर आणि आपसांत ०.०५० च्या आत असतील तर ती वापरा. एखादा सेल मागे राहिला तर दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. जुनी-नवी जोडी लावली तर हीच भानगड टेप नसतानाही होईल.

आणि त्या इलेक्ट्रिशियनकडून जुनी १२ व्होल्टची वायर बॅटरीपासून पूर्ण काढून घ्या. नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडली तर पुढचा माणूस परत तिथेच चार्जर जोडेल.