मुलांकडे नुसतं बघत बसल्यावर काय दिसलं?

मी 19 वर्षं बालवाडीत शिकवते. पहिल्याच वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी हातात दोनशेपानी वही दिली. रोज एका मुलाकडे दहा मिनिटं बघायचं, मध्ये बोलायचं नाही आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, "हट्टी आहे. डबा खात नाही." बाईंनी ते खोडलं. "हट्ट कुठे दिसला तुला? त्यानं काय केलं ते लिही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याचकडे बघत बसले. त्यानं डबा मांडीवर घेतला. झाकणाच्या कडेला नखं लावून दोनदा ओढलं. शेजारची मुलगी बघते आहे हे लक्षात आल्यावर डबा दप्तरात टाकला आणि म्हणाला, "मला भूकच नाही." स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा. साडेतीन वर्षांच्या बोटांना तो उघडत नव्हता आणि तसं सांगायची लाज वाटत होती. आईनं डबा बदलला आणि पोरगा जेवायला लागला.

वर्ग, एसटी स्टँड, लग्नाचं कार्यालय, कुठेही तुम्ही असं थांबून बघितलं असेल तर सविस्तर लिहा. मुलांची नावं आणि फोटो मात्र नकोत. ती त्यांची परवानगी देऊ शकत नाहीत.

लोकलने रोज जाणारी, डोंबिवली

लेडीज डबा, दुपारची वेळ म्हणून बसायला जागा. समोर एक बाई अकरा-बारा महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन पेंगत होती. क्लिपा विकणारी आली. मुलीनं पिवळ्या क्लिपेकडे बोट केलं आणि मान वळवून आईकडे बघितलं. आईचे डोळे मिटलेले. पुन्हा बोट, पुन्हा आईकडे. मग तिनं डबाभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबली. मी म्हटलं, "हो गं, पिवळी आहे!" बोट लगेच खाली आलं. क्लिप तिला नकोच होती, ती कुणीतरी आपल्याबरोबर बघायला हवी होती. मूल वर्षाचं होण्याच्या आसपास हे सुरू होतं आणि बोलणं याच्याच पाठोपाठ येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं आणि दादर गेलेलं कळलं नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

डी.एड.ला मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे शिकलो होतो, म्हणून त्यांचा प्रयोग नातवावर केला. तो तेव्हा पाच वर्षांचा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या. "सारखे आहेत का?" "हो." मग एक ओळ लांबवली. "आता?" लांब ओळीकडे बोट करून म्हणाला, "हे जास्त." पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसंच. मी खूश.

रात्री झोपताना त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही दोनदा का विचारलं? माझं आधी चुकलं होतं का?" मी उठूनच बसलो. शाळेत 34 वर्षं मी हेच करत आलो होतो. उत्तर चुकलं की प्रश्न पुन्हा विचारायचा. म्हणजे गुरुजींनी परत विचारलं की उत्तर बदलायचं, हे मुलं आमच्याकडूनच शिकतात. पुढे वाचनात आलं की 1970च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं नेमकं हेच तपासलं होतं. ओळ मोठ्या माणसानं न हलवता एका खोडकर टेडीनं 'बिघडवली', तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मी तो प्रयोग पुन्हा केला नाही. पण प्रश्न परत विचारायचा झाला तर आता आधी सांगतो, "तुझं बरोबर आहे, मलाच नीट ऐकू आलं नाही."

जिल्हा परिषद शिक्षिका, डहाणू तालुका

दुसरीतली एक मुलगी वर्षभर वर्गात बोलली नाही. सात अधिक पाच विचारलं की पाटीकडे बघायची. एकदा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात वह्या तपासत होते आणि ती चौघींबरोबर खड्यांनी खेळत होती. चौघींचे गुण तीच तोंडी ठेवत होती, वारलीत, न अडखळता. एकीनं दोन खडे जास्त सांगितले तर तिनं लगेच पकडलं. बेरीज तिला येत होती, अडत होती ती माझी भाषा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. मी त्याच भागात नोकरी करते आणि मला खेळ बघायला वर्ष लागलं, याचं वाईट वाटतं. आता गणिताचा तास खड्यांपासून सुरू होतो आणि वारली मी मुलांकडूनच शिकते आहे.

एक बाबा, पुणे

बागेतल्या वाळूत मुलगा दुसऱ्या मुलाशेजारी तासभर खेळायचा, पण एकत्र नाही. मी सारखा ढकलायचो, "जा, मैत्री कर." एकदा ढकलणं सोडून बसलो. शेजारच्यानं वाटीनं डोंगर केला की पाच मिनिटांनी आमच्याकडेही डोंगर. त्यानं वर काडी खोचली, इकडेही काडी. दोन-तीन वर्षांची मुलं अशीच समांतर खेळतात, हे मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्येच लिहून ठेवलंय. उगाच घाई केली मी.

एक आई, नाशिक

आमच्या मुलीबद्दल शाळेतून कायम एकच तक्रार यायची, लक्ष नसतं. घरी आम्हीही रागवायचो, दोनदा मारलंही, ते आजही विसरत नाही. मोठ्या शिशूत नव्या ताई आल्या. दोन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावून वही वाचून दाखवली: "उभे राहा म्हटल्यावर सगळी मुलं उठली. ही आधी उजवीकडे बघते, मग डावीकडे, मग उठते. पाचही दिवस असंच. गोष्ट सांगताना माझ्या ओठांकडे बघते." आणि म्हणाल्या, "ताई, कान तपासून घ्या."

दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. छोटी शस्त्रक्रिया झाली. घरी आलो त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होती. मग मला ओढत घेऊन गेली आणि विचारलं, "आई, आपला फ्रिज आवाज करतो?"