अनुभव धागा : टाइप १ मधुमेह आणि चारचौघांत जायची भीती

माझ्या मुलीला अकराव्या वर्षी टाइप १ निघाला. आता ती पंधराची आहे. इंजेक्शन घ्यायला महिन्याभरात शिकली, पण लग्नाच्या पंगतीत बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. "एवढीशी पोर आणि शुगर? गोड फार खायची का?" हे फार ऐकलंय तिने. (गोडाचा संबंध नाही हो. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते.) तुमचे अनुभव लिहा. मुलांनी स्वतः लिहिलं तर फार बरं.

मुलगा, १९, सातारा
काकू, मी दहावीपर्यंत शाळेच्या संडासात इन्सुलिनचं पेन टोचायचो. कडी लागत नसे, म्हणून एका हाताने दार धरून. क्लासनंतर सगळे वडापाव खायचे, तेव्हा लाजेने डोसच घ्यायचो नाही. रात्री शुगर ३५० च्या वर. सगळ्यात वाईट म्हणजे धडधड, थरथर, घाम हे शुगर लो झाल्यामुळे की फळ्यापाशी उभं केल्यामुळे, तेच कळायचं नाही. दोन्हीत अ‍ॅड्रिनलिनच वाढतं. एकदा तोंडी परीक्षेत घाबरलोय समजून गप्प बसलो, तर शुगर ५२ निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंदाज नको, आधी बोट टोचून शुगर तपास. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत तपास. मीटर जवळ नसेल तर लो समजूनच साखर खा. आकडा चांगला दिसला की निम्मी भीती तिथेच उतरायची.

आई, नाशिक
बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या न्यायला मुलगा तयारच नव्हता. सीबीएसई २०१७ पासून परवानगी देते, तरी "सगळे बघतील" हेच. शेवटी नेल्या. पर्यवेक्षकांनी नुसती मान डोलावली.

मुलगी, २३, पुणे
तिला म्हणावं, फक्त एकीला सांग. मी अख्ख्या वर्गाला सांगावं लागेल या धास्तीने तीन वर्षं गप्प होते. मग बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं. सहलीला ती तिच्या सॅकमध्ये ग्लुकोजचा पुडा ठेवायची. घरून मात्र "बाहेर बोलू नकोस, पुढे लग्नाला अडचण" अशी ताकीद होती. त्याचा राग अजून आहे. लपवायला शिकवलं की लाज वाटणारच ना? पुढे मी समुपदेशकांकडेही गेले, खूप फरक पडला.

धागाकर्ती
लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, साताऱ्याचा दादा आता कुठे टोचतो?

मुलगा, १९, सातारा
कट्ट्यावरच. एका हातात वडापाव असतो.