मदत हवी आहे: पीसीच्या (पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या) पत्र्याची उन्हाकडची बाजू कशी ओळखायची?

मागच्या पडवीवर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा टाकायचाय: सपाट, 3 मिमी जाड, 2.4 मीटर लांब. इतवारीत तीन दुकानं फिरलो. एकाने चिठ्ठीवर ‘पीसी’ लिहिलं, दुसऱ्याने ‘पीव्हीसी’, तिसरा म्हणे ‘लेक्सन घ्या, सगळं एकच’. एकच कसं? लेक्सन हे पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पीसीचं, ब्रँडनाव, पीव्हीसी वेगळंच.

शेवटी पीसी सांगून दिलेला घेतला. कापून उरलेली पट्टी वाकवली, वर हातोडी घातली. खळगा पडला, तडा नाही. अ‍ॅक्रिलिक असतं तर तुकडे झाले असते. पाण्यातही टाकून पाहिली, पण ही तिन्ही बुडतातच, त्यामुळे ती मेहनत वाया.

आता खरी अडचण. अतिनील किरणं अडवणारा थर याला एकाच बाजूला आहे आणि ती बाजू वर हवी, नाहीतर आपल्या उन्हात पत्रा पिवळा पडणार. खूण छापलेली फिल्म पोरांनी दोन्हीकडून सोलून टाकली. दुकानदार म्हणतो कशीही लावा. उन्हात पत्रा फुगतो म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवतोय, तो प्रश्न नाही. परत घेणार नाहीत. फिल्म नसताना थराची बाजू घरच्या घरी ओळखायची कशी?