मदत हवी आहे: शेजारी डुकरं आल्यापासून घोडी बुजतात, सवय कशी लावू?

रानवाट
नमस्कार. लवकर उत्तर हवंय म्हणून थोडक्यात लिहिते. फलटण-माळशिरसकडच्या आमच्या रानाच्या बांधाला लागून शेजाऱ्यांनी दिवाळीनंतर वराहपालन सुरू केलं. पांढरी यॉर्कशायर डुकरं आहेत. तेव्हापासून आमची घोडी भयंकर बुजतात. तिकडून आवाज आला की चौखूर उधळतात. काल बिजलीने कुंपणाचा खांब मोडला, छातीला तार लागली. रविवारी लहान मुलं माझ्याकडे घोड्यावर बसायला शिकतात, ते गेले दोन रविवार बंद आहे. शेजाऱ्यांशी भांडण नाही. कर्ज काढून शेड बांधलंय, ते हलवणार नाहीत. सवय लावायला काय करू आणि किती दिवस लागतात? घोडी विका असं कृपया कुणी सांगू नका.

ओवी
ताई, घोडी किती? वयं काय? शेड बांधापासून किती फुटांवर आहे? डुकरं किती? घोडी दिवसभर मोकळी असतात की दावणीला? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आबा_अकलूजकर
यात विचारण्यासारखं काही नाही. जनावर ज्याला भितं त्याच्याजवळच बांधायचं. आमच्या वडिलांनी बुजणारी घोडी रस्त्याच्या कडेला पक्की अगाडी-पछाडी (पुढून आणि मागून दोऱ्या) लावून उभी केली होती, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. चार दिवसांत शांत. डुकरांच्या शेडला खेटून खुंटा ठोका, तीन दिवस वैरण तिथंच टाका.

भीमथडी_तट्टू
आबा, वडीलधारे आहात, पण हे करायला सांगू नका. पछाडी लावलेलं घोडं पळू शकलं नाही तर ते शांत होत नाही, खचतं. बाहेरून उभं दिसतं, आतून घामाघूम असतं. आणि एक दिवस दोरी तुटली की माणसाच्या अंगावर जातं. ताईंकडे लहान मुलं बसतात.

आमचं घर धनगराचं. आमची तट्टं मेंढरं, कुत्री, कोंबड्या, बारदानाचं बोचकं या सगळ्यात वाढतात, कारण शिंगरू असल्यापासून आईच्या मागं सगळं बघितलेलं असतं. मोठ्या घोड्याला तेच शिकवायचं तर एक न भिणारं घोडं पुढं लागतं. ताई, तुमच्याकडं असं एखादं आहे का?

आबा_अकलूजकर
रिंगणात माउलींचे अश्व लाखो वारकऱ्यांच्या मधून, टाळ-मृदंगाच्या गजरात धावतात. ते का बुजत नाहीत? कारण त्यांना गर्दीत नेलं जातं. लपवून ठेवलं जात नाही.

भीमथडी_तट्टू
बरोबर, नेलं जातं. एकदम नेऊन बांधलं जात नाही. मी तेच म्हणतोय.

निशिगंध
वस्तीजवळ वराहपालनाला परवानगी आहे का ते आधी ग्रामपंचायतीत जाऊन बघा. सांडपाणी ओढ्यात सोडत असतील तर प्रदूषणाची तक्रार होऊ शकते. आमच्या सोसायटीमागे एकाने अशीच डुकरं पाळली होती, आम्ही सह्यांची मोहीम घेतली.

रानवाट
निशिगंध, तक्रार करायची नाहीये, वर लिहिलंय. त्यांच्या घरात लग्नाला आलेली मुलगी आहे आणि माझ्या आजारपणात त्यांनीच महिनाभर आमच्या घोड्यांची वैरण कापली.

ओवी, घोडी तीन. बिजली मारवाडी, ५ वर्षांची. सुलतान काठेवाडी, ९ वर्षांचा, खच्ची केलेला. तुळसा आपलं देशी भीमथडी तट्टू, १६-१७ वर्षांची, तिला काही फरक पडत नाही. शेड बांधापासून चाळीसेक फुटांवर, १०+१ चं (दहा माद्या, एक नर) युनिट आहे, आता पिल्लं झाली आहेत. घोडी सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सगळ्यात जास्त बुजतात. बाकी वेळी कान टवकारून तिकडे बघत उभी असतात, चरत नाहीत.

भीमथडी_तट्टू
अहो ताई, तुळसाला फरक पडत नाही हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं! अर्धं काम तीच करेल.

वराहमित्र
मी स्वतः डुकरं पाळतो, १२ वर्षं झाली. सहा-सात आणि साडेपाच म्हणजे खाद्याची वेळ. बादलीचा आवाज आला की पहिली डुकरीण ओरडते आणि सगळ्या सुरू होतात. बंद पत्र्याच्या शेडमध्ये हा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, मी स्वतः कानात बोळे घालून आत जातो. घोड्याला तर आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही ऐकू येतात. त्यांना वाटत असणार की शेजारी कुणाला तरी फाडून खातायत.

शेजाऱ्यांना सांगा की आत शिरल्यावर पहिल्या कप्प्यापासून शेवटपर्यंत हळूहळू वाटत जाऊ नका. सगळ्या गव्हाणी एकाच वेळी भरल्या तर ओरडा दोन मिनिटांत थांबतो. वाढीच्या पिल्लांना दिवसभर खाता येईल असं खाद्याचं पिंप ठेवलं तर ती ओरडतच नाहीत. आणि डुकरांना घाणेरडं म्हणू नका लोकहो. जागा दिली तर डुक्कर झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही.

डोंबिवलीकर
डुकरांना कुणी घाणेरडं म्हटलंच नाहीये इथे. पण मला एक प्रश्न पडलाय, हल्ली घोडे पाळणं परवडतं का? महिन्याचा खर्च किती?

टेक्सासचा_नाना
आमच्याकडे रानडुकरं मोकाट असतात, रात्री कुरणात येऊन सगळी जमीन उकरून ठेवतात. माझ्या घोड्यांना पहिल्या हिवाळ्यात फार त्रास झाला, पुढे ती डुकरांच्या बाजूला उभी राहून चरू लागली. माझा उपाय सांगतो: नाकपुड्यांना व्हिक्स. इथे नर घोड्यांना माद्यांचा वास येऊ नये म्हणून सर्रास लावतात.

गोठा_ते_दवाखाना
मी पशुवैद्यक आहे. नाना, व्हिक्स प्रवासात तासाभरासाठी ठीक. इथे उलटं होईल. घोडं वासावरून ओळख करून घेतं. नाक बंद केलं तर सवय कशाची होणार?

रानवाट, मला वेगळंच विचारायचं आहे. तिघांचं पाणी कुठे आहे?

रानवाट
पाण्याचा हौद बांधाजवळच आहे, बोअरची पाइपलाइन तिकडून येते म्हणून. का?

गोठा_ते_दवाखाना
शेडकडच्या बांधाजवळ?

रानवाट
हो, शेडच्या समोरच.

गोठा_ते_दवाखाना
मग सवय लावणं नंतर. बिजली आणि सुलतान आज किती पाणी प्यायले ते आधी बघा. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला २५-३० लिटर तरी पाणी लागतं, कोरडा कडबा खात असेल तर जास्तच. भीतीने हौदाकडे जाणं टाळलं तर आतड्यात वैरण घट्ट बसते आणि पोटशूळ उठतो. दोघांची लीद मोजा. नेहमी दिवसातून आठ-दहा वेळा पडते. कमी असेल, गोळे कोरडे, लहान, कडक असतील, घोडं पुढच्या पायाने जमीन उकरत असेल, वळून वळून कुशीकडे बघत असेल, तर इथे विचारत बसू नका, ताबडतोब डॉक्टर बोलवा. छातीची जखम त्यांनाच दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं नसेल तर द्यावं लागेल. घोडं धनुर्वाताला फार नाजूक असतं.

रानवाट
आत्ता जाऊन बघून आले. हौद काल संध्याकाळी भरला होता, जेमतेम चार बोटं कमी झालाय. तेही तुळसानेच प्यायलं असणार. बिजली हौदापाशी गेली, मान लांब करून फुरफुरली, ओठ पाण्याला टेकवले, दोन घोट घेतले आणि कान तिकडे करून मान वर केली ती खाली घेतलीच नाही. पाण्याचे थेंब हनुवटीवरून गळत होते आणि ती गोठल्यासारखी उभी. मी रोज हे बघत होते आणि तिला तहान नाही असं समजत होते. लीद कोरडी आहे. डॉक्टरांना फोन केलाय, येतायत.

ओवी
काळजी घ्या ताई. कळवा काय म्हणाले ते.

धानपट्टा
मी गोंदियाकडचा. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांमध्ये आणि बगळ्यांमध्ये वाढतो आणि डासांमधून घोड्याला, माणसाला होऊ शकतो. डुकरात बहुतेक वेळा काही लक्षण दिसत नाही. घोड्यापासून पुढे पसरत नाही, पण घोडं दगावू शकतं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांमुळे हे डास फार.

निशिगंध
बघा! मी म्हणतच होते, परवानगी तपासा.

वराहमित्र
कृपया घाबरवू नका. हे डास साचलेल्या पाण्यातून येतात, डुकरांतून नाही. फलटण-माळशिरसचा कोरडा पट्टा आणि गोंदियाची भातशेती एक नव्हे. सांडपाण्याचा खड्डा झाकला, हौद दर आठवड्याला कोरडा करून घासला, की बराच धोका जातो.

गोठा_ते_दवाखाना
धानपट्टा यांचं म्हणणं खरं आहे, वराहमित्रांचंही. पण माझ्या मते त्याहून जवळचा धोका खाद्याचा आहे. काही तयार खाद्यांत, विशेषतः कोंबड्यांच्या, मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध असतं. काही जण तेच डुकरांना घालतात. कोंबडीला चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, थोडंसंही पुरतं. बारदान, बादली, सांडलेला भुगा, काहीही बांधाच्या अलीकडे येता कामा नये. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलं तरी घ्यायचं नाही.

आबा_अकलूजकर
हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पोल्ट्रीचं खाद्य आणि चंदी (घोड्याचं दाणा-खाद्य) एकाच खोलीत ठेवतात. आजच वेगळं करतो.

रानवाट
डॉक्टर येऊन गेले. बिजलीला सौम्य पोटशूळ होता, नळीने पाणी आणि तेल दिलं, रात्री नीट लीद पडली. जखमेला टाके लागले नाहीत. सुलतान ठीक आहे. रात्री अकरापर्यंत बिजलीबरोबर बसले होते. आता हौदाची जागा बदलतेय, पाइप येईपर्यंत बादल्यांनी पाणी देतेय. पण सवयीचं अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. रोज नक्की काय करू?

भीमथडी_तट्टू
सांगतो. मी जसं केलं तसं.

बिजली आरामात चरते अशी जागा शोधा, दोनशे फुटांवर असेल तर दोनशे. डोकं खाली घालून चरते, शेपटी सैल, म्हणजे ती जागा. तिथं चंदी द्या, बरोबर डुकरांच्या खाद्याच्या वेळेला. तिकडं ओरडा सुरू झाला की इकडं तोबरा (तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी). तुळसा नेहमी डुकरांच्या बाजूला, बिजली पलीकडं. दोन-तीन दिवस ओरड्यात न थांबता खाल्लं की दहा-बारा पावलं पुढं. मान वर केली तर थांबा. वळायला लागली तर वळू द्या, दोन पावलं मागं घ्या, पुन्हा खाली मान घातली की उभं राहा. म्होरकी घाला, दोरी लांब आणि सैल हातात धरा, हाताला गुंडाळू नका. मारायचं नाही, ओरडायचं नाही, नाहीतर तिला वाटतं भिण्यासारखं खरंच काहीतरी आहे.

दुपारी डुकरं झोपलेली असताना खरारा करा, तोही त्या बाजूच्या कोपऱ्यात. डुकरांखालचा पेंढा आणून कोपऱ्यात टाका असंही लोक सांगतात.

गोठा_ते_दवाखाना
बाकी सगळं उत्तम, पेंढा नको. लीद-मुताबरोबर साल्मोनेला आणि लेप्टोस्पायरा हे रोगजंतू येतात. वारा वास आणतोच आहे, तेवढा पुरे.

भीमथडी_तट्टू
मान्य. पेंढा सोडा.

ओवी
मध्ये हिरवी जाळी लावली तर? दिसलंच नाही तर भीती कमी.

टेक्सासचा_नाना
माझा अनुभव उलटा आहे. जाळीमागून नुसता आवाज यायचा, सावल्या हलायच्या, तेव्हा माझी घोडी जास्त उधळायची. जाळी काढल्यावर बघू शकली, उमजली. दिसू द्या. पण कुंपण दुहेरी करा, मध्ये दहा फूट तरी मोकळी पट्टी. डुक्कर कुंपणाखालून उकरून येतं, आणि घोड्याच्या पायात अचानक आलेलं डुक्कर म्हणजे सगळी मेहनत वाया.

डोंबिवलीकर
झटका मशीन लावा ना सरळ. कोकणात रानडुकरांसाठी लावतात.

भीमथडी_तट्टू
डुकरांच्या बाजूला लावा, चालेल. घोड्यांच्या बाजूला आत्ता नको. बुजलेलं घोडं तारेवर गेलं आणि झटका बसला की त्याच्या लेखी तो डुकरानेच दिला.

रानवाट
तीन आठवडे झाले, विचारत होतात म्हणून लिहिते. शेजारच्या काकूंनी आता दोन्ही बाजूंनी एकदम खाद्य टाकायला सुरुवात केली आहे, मुलगा एका टोकाला, त्या दुसऱ्या. ओरडा खरंच लवकर थांबतो. सुलतान आठव्या-नवव्या दिवशीच बांधापासून साठ फुटांवर उभा राहून खाऊ लागला. बिजली मागे आहे. ती १२० फुटांवर आहे, पण काल ओरडा सुरू झाला तेव्हा तिने तोबऱ्यातून मान वर काढली नाही, फक्त एक कान तिकडे वळवला आणि चावत राहिली. मी श्वास रोखून उभी होते. हौद आता वडाखाली आहे, ती पोटभर पाणी पिते, मी रोज पाण्याची खूण बघते.

एकच अडलंय. परवा टेंपो आला, पिल्लं विकायला भरली, तेव्हा जे किंचाळणं झालं त्याने दोन्ही उधळली, बिजली पुन्हा २०० फुटांवर गेली. महिन्यातून एकदा असं होणार.

वराहमित्र
भरताना ओरडणारच, तो आवाज कुणी कमी करू शकत नाही. मी शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवतो. काकूंना तेवढं सांगायला लावा.

भीमथडी_तट्टू
त्या दिवशी शिकवणी नको. तिघांना घेऊन तासभर ओढ्याच्या पलीकडं चरायला जा, तुळसा पुढं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी २०० फुटांवरून सुरू करा, या वेळी पुढं यायला आधीइतके दिवस लागणार नाहीत. आणि मुलांना बिजलीवर इतक्यात नको. सुलतानवर, तेही दुपारी.

रानवाट
काकूंशी बोलले. टेंपो यायच्या आदल्या संध्याकाळी बांधावरून हाक मारतील म्हणाल्या. या रविवारी दोनच मुलं बोलावली आहेत, दुपारी तीन वाजता, सुलतान आणि तुळसावर.